‘एमएच ४०’ हीसुद्धा एक भाषा

‘औपचारिक भाषा’ म्हटलं की ‘सदरहू’, ‘उपरोक्त’ असली सरकारी मराठी आठवते. गणितातल्या ‘फॉर्मल लँग्वेज’ या संकल्पनेचा तिच्याशी काही संबंध नाही. म्हणून मला तर्कशास्त्रातला ‘आकारिक’ हा शब्द बरा वाटतो.

गणितात भाषा म्हणजे ठरावीक चिन्हांच्या माळांचा संच. उमरेडच्या रस्त्यावरच्या दुचाक्यांचे नंबर पाहा. बहुतेक ‘एमएच ४०’चे, म्हणजे नागपूर ग्रामीणचे. राज्याची दोन अक्षरं, दोन अंक, मालिकेची अक्षरं आणि शेवटी चार अंक, ही झाली एक भाषा. ‘एमएच ४० एबी १२३४’ तिच्यात बसतं, ‘४० एमएच’ बसत नाही. त्या नंबरची गाडी खरोखर आहे का, हे नियम विचारतच नाही. भाषा म्हटली की अर्थ आलाच, हा समज इथेच गळून पडतो.

अशा भाषा ही फक्त संगणकवाल्यांची गोष्ट आहे, असंही नाही. लघू आणि गुरू ही दोनच चिन्हं घ्या. बारा अक्षरांच्या ओळीचे ४०९६ आराखडे होतात. त्यांतला एकच, चार ‘य’ गणांचा, म्हणजे लघू-गुरू-गुरू चारदा, भुजंगप्रयात. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, पण निरर्थक अक्षरंही त्याच चालीत म्हणता येतात. लहानपणी आम्ही म्हणायचोही.

नियम पक्के असले की संगणक काहीही तपासू शकेल, हा समज जास्त चिवट. नंबर तपासताना आपण कितव्या अक्षरापर्यंत आलो, एवढंच लक्षात ठेवलं की पुरतं. कंस जुळवताना मात्र किती उघडे राहिले ते मोजावं लागतं आणि त्याला मर्यादा नसते, म्हणून ठरावीक स्मृती अपुरी पडते. पुढे तर कितीही स्मृती दिली तरी भागत नाही. कुठलाही प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी रीत असूच शकत नाही, असं गणितज्ञ ॲलन ट्युरिंगच्या १९३६च्या कामातून निघतं.

आणि व्हॉट्सॲपवरचं ते ‘नासाने संगणकासाठी संस्कृत निवडली’? मुळात १९८५ साली नासाशी संबंधित रिक ब्रिग्ज यांनी एक लेख लिहिला होता. संस्कृत वैयाकरणांची वाक्य उलगडण्याची पद्धत ज्ञान मांडायच्या संगणकीय पद्धतीशी जुळते, असं त्यांचं म्हणणं होतं. नासाने काही निवडलं नाही. खरी नवलाची गोष्ट या निरोपात नसतेच. पाणिनीच्या सुमारे ४००० सूत्रांची घडण पाहून, प्रोग्रॅमिंग भाषांचं व्याकरण लिहायच्या संगणकतज्ज्ञ जॉन बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचंही नाव जोडा, असं पीटर इंगरमन यांनी १९६७ साली सुचवलं होतं.