दहा माणसं जमली नाहीत, तर शनिवारी तोरा उघडत नाहीत! महाराष्ट्रातल्या ज्यू समाजासाठी हा नियम आज इतका महत्त्वाचा का झालाय?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरवरून सीएसएमटीला जाणारी लोकल शेवटच्या टप्प्यात मशीद स्टेशनवरून जाते. या स्टेशनच्या नावाचा संबंध तिथल्या एका जुन्या सिनेगॉगशी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाशी जोडला जातो. १७९६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते बांधलं. टिपू सुलतानच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते उभारलं, असं सांगितलं जातं. ‘शार हारहामिम’ हे त्याचं नाव, पण मुंबईकर त्याला ‘जुनी मशीद’च म्हणायचे.

दिवेकर हे आडनाव वाचून गोंधळलात? मग आधी हा समाज कोण, ते बघूया.

आडनाव कोकणी, धर्म ज्यू

महाराष्ट्रातल्या या ज्यू समाजाला बेने इस्रायल म्हणतात. त्यांच्या परंपरेनुसार, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज रायगडच्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवू लागले. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. आडनावं गावांवरून पडली, मातृभाषा मराठी झाली.

पुढे नोकरीधंद्यासाठी हा समाज मुंबई, ठाणे, पुणे इथे आला. पनवेलचं ‘बेथ एल’ १८४९ चं, पुण्यातलं लाल देवळ म्हणून ओळखलं जाणारं ‘ओहेल डेव्हिड’ १८६७ चं. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं ‘शार हाशामाईम’ १८७९ चं आहे. या नावाचा अर्थ ‘स्वर्गाचं दार’. कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना जवळ पडणारं मोठं सिनेगॉग हेच.

शनिवारी सिनेगॉगमध्ये नेमकं काय होतं?

ज्यूंचा विश्रांतीचा दिवस म्हणजे शब्बाथ. तो शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. शनिवार सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यात महत्त्वाचं असतं ते तोराचं वाचन.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. सिनेगॉगमधली तोरा छापील नसते. चामड्यावर हातानं लिहिलेली ती लांबलचक गुंडाळी असते. त्यात स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हंही नसतात. त्यामुळे वाचणाऱ्याला आधी तयारी करावी लागते. अक्षरांना बोट लावत नाहीत, ओळ दाखवायला टोकाला हाताचा आकार असलेली काडी वापरतात. वाचताना चूक झाली, तर ऐकणारे तिथल्या तिथे सुधारतात.

पूर्ण तोराचे ५४ भाग केलेत. दर आठवड्याचा एक भाग, त्याला म्हणतात ‘पराशा’. वर्षात तितके शनिवार मिळाले नाहीत, तर काही भाग जोडून वाचतात. म्हणजे एखाद्या शनिवारी ठाण्यात, न्यूयॉर्कमध्ये आणि लंडनमध्ये बहुतेक वेळा एकच भाग वाचला जातो. शेवटच्या भागात मोशेचा मृत्यू येतो आणि सिम्हात तोराच्या सणाला तो वाचून झाला की लगेच पहिल्या पानापासून, जगाच्या निर्मितीपासून पुन्हा सुरुवात होते.

मग दहाचा नियम कुठून आला?

गुंडाळी उघडून सामुदायिक वाचन करायचं, तर किमान दहा जण हवेत. या दहांच्या गटाला ‘मिन्यान’ म्हणतात. पारंपरिक पद्धतीत १३ वर्षांवरचे पुरुषच मोजतात, सुधारणावादी पंथांत स्त्रियाही मोजल्या जातात.

हा आकडा ‘शलाह’ नावाच्या पराशातून काढलाय. मोशे बारा हेरांना नव्या देशाची पाहणी करायला पाठवतो. त्यातले दहा जण घाबरून परततात आणि लोकांचं मन मोडतात. देव त्या दहांना ‘मंडळी’ म्हणतो. तालमूदमधल्या विद्वानांनी त्यावरून ठरवलं, की मंडळी म्हणजे किमान दहा.

गंमत बघा, प्रार्थनेचा आकडा आलाय तो चुकलेल्या माणसांवरून! मिन्यानसाठी विद्वान लागत नाही, रब्बीसुद्धा लागत नाही. साधी दहा माणसं पुरतात.

दहाचा आकडा आणखी एका पराशात भेटतो, ‘वायेरा’त. सदोम शहर नष्ट होऊ नये म्हणून अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. तिथे ५० नीतिमान माणसं असतील तर? मग ४५, ४०, ३०, २०, आणि शेवटी १०. त्याखाली तो जात नाही. शहर वाचायला दहा पुरले असते, पण तेवढेही सापडले नाहीत.

आज अडचण काय आहे?

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ मध्ये उरले ४,६५०. त्यातले निम्म्याहून थोडे अधिक महाराष्ट्रात. बहुतेक लोक इस्रायलला गेले. छळामुळे नाही, तर धर्माची ओढ आणि चांगल्या संधीच्या शोधात. तिथेही सुरुवातीला त्यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली गेली. आंदोलनं झाली आणि १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य झालं. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

पण दर्जा मिळाला म्हणून दहा माणसं जमत नाहीत. समाज कमी आणि विखुरलेला. त्यात पारंपरिक नियमानुसार शब्बाथला वाहनानं प्रवास करायचा नाही. बदलापूर ते ठाणे रेल्वेनं ३० किलोमीटरहून जास्त. चालत जाणं शक्य नाही. लोकल पकडली तर शब्बाथ मोडतो, नाही पकडली तर सिनेगॉगमध्ये एक माणूस कमी पडतो. याच पेचावर अमेरिकेतल्या काँझर्व्हेटिव्ह पंथानं १९५० मध्ये फक्त सिनेगॉगला जाण्यापुरती गाडी चालवायची मुभा दिली. ऑर्थोडॉक्स पंथानं ती मानली नाही.

आणि फक्त वाचनच अडत नाही. आई-वडील गेल्यावर मुलगा ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणतो, तिलाही मिन्यान लागतं. म्हणजे नऊच जण जमले, तर त्या दिवशी वडिलांसाठीची प्रार्थनाही राहून जाते.

मग एकटं कुटुंब काय करतं?

पराशा छापील पुस्तकातून घरी वाचता येते. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावता येतात. बेने इस्रायलांचा खास ‘मलिदा’ही घरी होतो. पोहे, खोबरं, साखर आणि फळांचं ताट मांडून एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया याचं स्मरण करतात. नवस फेडताना किंवा लग्नाच्या वेळी मलिदा ठरलेला. पोह्यांचा हा प्रसाद अस्सल कोकणातला!

घरातला धर्म असा टिकतो. पण तोराची गुंडाळी कपाटातून बाहेर काढायची, तर दहावा माणूस दारातून आत यावाच लागतो.