दुकानांची जाहिरात : घरबसल्या नव्हे, पायी फिरून!

मैत्रिणींनो, मोबाइलवर छानसं पोस्टर करणं आता आपल्यापैकी अनेकींच्या हातचा मळ झालं आहे. भाचीच्या बारशाचं निमंत्रण, भिशीचा निरोप, सोसायटीच्या गणपतीचे कार्यक्रम, सगळं आपण हौसेनं करून देतो. मग कुणीतरी म्हणतंच, "अहो वहिनी, एवढं सुरेख करता, मग याचे पैसे का घेत नाही?"

प्रश्न रास्त आहे. पण लगेच मोबाइलवर 'घरबसल्या महिना ५०,००० कमवा' अशी जाहिरात दिसते आणि शिकवणीची फी भरून आपण मोकळ्या होतो. त्यात कमाई कुणाची होते, तर बहुतेक वेळा शिकवणीवाल्याची! गावात काम आहे, हे मात्र खरं. कापडवाले, पार्लरवाल्या, केटरर, चष्मेवाले, क्लासवाले या सर्वांना गिऱ्हाईक हवंच असतं. फक्त ते काम घरबसल्या मिळत नाही. पायांत चपला घालून, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, चार वेळा 'नको' ऐकून घेऊन ते मिळतं. मिळाल्यावर मात्र ते नीट चालू शकतं. कसं, ते बघू.

आधी दुकानदाराच्या मनात शिरा. 'डिजिटल मार्केटिंग' हा शब्द कानावर पडला की त्याचा चेहरा बदलतो. कारण मोठ्या शहरातून कुणीतरी टाय लावलेला मुलगा येऊन वर्षाचे पैसे घेऊन गेलेला असतो आणि त्यानंतर फोनही उचललेला नसतो. प्रत्येक बाजारपेठेत असे दोन-चार दुकानदार भेटतीलच. तेव्हा तो शब्द घरीच ठेवून जा. त्याला गिऱ्हाईक कळतं, खप कळतो, पडून राहिलेला माल कळतो आणि उधारी तर फारच चांगली कळते. त्याच भाषेत बोला.

आणि हात हलवत जाऊ नका. जाण्याआधी गुगलच्या नकाशावर त्याचं दुकान शोधून बघा. दुकानाची खूण मागच्या गल्लीत पडलेली, फोन नंबर जुना, वेळ चुकीची, फोटो म्हणाल तर बंद शटरचा! असं काही ना काही सापडतंच. मोबाइल त्याच्या समोर धरा आणि म्हणा, "काका, परगावचं माणूस तुमचं दुकान शोधत आलं, तर ते मागच्या गल्लीत जाऊन उभं राहील." तासभराच्या भाषणानं जे होणार नाही ते या एका वाक्यानं होतं. दुकानाची ही नोंद गुगलवर फुकट करता येते. २०२१ पर्यंत तिला 'गुगल माय बिझनेस' म्हणत, आता 'गुगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. नोंद फुकट आहे ही गोष्ट लपवू नका बरं का! पैसे नोंदीचे नाहीत, तुमच्या कष्टांचे आहेत, असं स्वच्छ सांगा. खातं मात्र मालकाच्याच नावानं आणि त्याच्याच ई-मेलनं उघडा, स्वतःला फक्त व्यवस्थापक म्हणून जोडून घ्या. पडताळणीसाठी बरेचदा दुकानाची पाटी, रस्ता आणि आतला भाग दाखवणारा व्हिडिओ मागतात, त्यामुळे मालक हजर असलेला बरा. उद्या तुमचं काम थांबलं तरी त्याच्या दुकानाची किल्ली त्याच्याच खिशात राहिली पाहिजे. पासवर्ड अडवून पैसे वसूल करणारे असतात. पण तुम्हाला त्याच गावात राहायचं आहे, त्याच बाजारात भाजी घ्यायची आहे.

कुणाकडे जायचं?

इथं थोडं अंकगणित करावं लागेल, कंटाळू नका. समजा, महिन्याला तुम्ही २,५०० रुपये घेणार. किराणा दुकानदाराला १०० रुपयांच्या मालामागे १० रुपये सुटतात असं धरू. म्हणजे तुमचे पैसे फिटायलाच त्याला २५,००० रुपयांची जादा विक्री करावी लागेल, आणि तीही दर महिन्याला. गल्लीतली गिऱ्हाइकं तर ठरलेली, ती जाहिरात बघून दुप्पट साखर थोडीच खाणार आहेत? त्याच्याकडून पैसे घेणं म्हणजे त्याच्याच नफ्यातला वाटा उचलणं. दोन महिन्यांत तो तुम्हाला बंद करील आणि ते बरोबरच असेल.

आता मंगल कार्यालयाचं बघा. एका लग्नाच्या तारखेमागे मालकाला १५,००० रुपये जरी सुटले, तरी तुमचा सहा महिन्यांचा मेहनताना एका तारखेत निघाला. शिवाय कार्यालय शोधणारी माणसं दर वर्षी नवी असतात. फर्निचर, गाद्या, ब्लाउज शिवणाऱ्या आणि नववधूचा शृंगार करणाऱ्या बायका, केटरर, सहली नेणारे, फ्रिज-एसी दुरुस्त करणारे, क्लास चालवणारे, सगळे याच जातकुळीचे. गिऱ्हाईक नवं असतं, ते चौकशी करून येतं आणि एका गिऱ्हाइकामागे चार पैसे बरे सुटतात. दुकान निवडताना एवढ्या तीनच गोष्टी बघा.

काही दारांशी जरा जपून. डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करून रुग्ण ओढायला २००२ च्या नियमांनुसार मनाई आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, अशा निवेदनाला हरकत नाही. वकिलांनाही जाहिरातीची बंदी आहे. मधुमेह बरा करतो, लठ्ठपणा घालवतो, उंची वाढवतो असे औषधांचे दावे छापणं १९५४ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा एखादा काढेवाला असा मजकूर देऊ लागला तर हात जोडा. बिल्डरचं काम आलं तर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि, १ ऑगस्ट २०२३ पासून, क्यूआर कोडही जाहिरातीत लागतो. काम करून देणारीला हे ठाऊक असलं की समोरचा जरा सरसावून बसतो, असा एक फायदाही आहे.

नात्यातल्या दुकानापासून सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जावेच्या भावाचं दुकान म्हणजे पैसे मागायची चोरी, आणि काम जमलं नाही तर दिवाळीच्या फराळापर्यंत ती गोष्ट पुरते. तुम्ही जिथं वर्षानुवर्षं रोख गिऱ्हाईक आहात ते दुकान बरं. ते तुम्हाला ओळखतं, पण तुमच्या मिंध्यात नसतं.

केव्हा जायचं आणि काय बोलायचं?

सकाळी दुकान उघडताच मुळीच नको. अजून भवानी झालेली नाही आणि तुम्ही पैशांची गोष्ट काढलीत, तर चांगलं कामही हातचं जाईल. संध्याकाळी गर्दी. दुपारी साडेतीन-चारची वेळ उत्तम, दुकानदार पेपर वाचत बसलेला असतो आणि आपलीही मागची आवराआवर झालेली असते. आठवडेबाजाराचा दिवस टाळा. वर्षाचा विचार केला तर पितृपंधरवड्यासारखा काळ नाही. कपडे, दागिने, नवी खरेदी सगळंच मंदावतं, दुकानदाराला ऐकायला वेळ असतो आणि पुढे दसरा-दिवाळी दिसत असते. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात गेलात, तर तो "नंतर या ताई" म्हणणार, आणि ते खरंच 'नंतर' असणार. लग्नसराईचं काम तुळशीच्या लग्नाआधी धरावं, क्लासेसचं एप्रिल-मेमध्ये.

बोलणं थोडकं ठेवा. "सगळी जाहिरात बघते" असं म्हणू नका, एक ठरावीक काम सांगा. "भाऊ, एका महिन्यात नकाशावरची नोंद नीट करते, दुकानाचे बारा चांगले फोटो काढते, जुन्या गिऱ्हाइकांची यादी लावून देते आणि दसऱ्याच्या हँडबिलाचा मजकूर लिहिते. छपाईचा खर्च तुमचा. माझे २,५००." सुरुवात, शेवट आणि आकडा, तिन्ही कळले की माणूस विचार करू शकतो.

"माझा भाचा हे फुकट करतो," हे उत्तर हमखास मिळणार. रागावू नका. "करू द्या की. दिवाळीपर्यंत त्यानं नाही केलं तर मला फोन करा," म्हणा आणि नंबर ठेवून या. भाचे परीक्षेला बसतात, नोकरीला जातात! दहा दुकानांत एखाद्यानं होकार दिला तरी वाईट मानू नका. पंधरा दिवसांनी उरलेल्यांतल्या दोघा-तिघांकडे पुन्हा जावं, एखादी नवी चूक किंवा नवी कल्पना घेऊन.

"पण गिऱ्हाईक येईल का?" हा खरा प्रश्न. इथं जीभ सैल सोडू नका. गिऱ्हाइकाला दुकान सापडेल, माल दिसेल, ते चौकशी करील, इथवर तुमचा हात पोचतो. पुढे भाव, माल आणि काउंटरवरच्या पोराचं बोलणं. "वीस गिऱ्हाइकं आणते" असं म्हणणारीला महिनाअखेर एकविसाव्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. त्यापेक्षा काउंटरवर एक वही ठेवायला सांगा. नवं माणूस आलं की "आमचं दुकान कुठून कळलं?" एवढंच विचारायचं आणि एक रेघ ओढायची. गुगलच्या नोंदीवरूनही किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला ते दिसतं. तीन महिन्यांत वही कोरीच राहिली, तर ते त्याच्या आधी तुम्हीच बोलून दाखवा.

कामातल्या काही खाचाखोचा सांगते. व्हॉट्सअॅपचं दुकानदारांसाठीचं अॅप २०१८ पासून फुकट मिळतं. त्यात मालाची फोटोंसह यादी लावता येते. एकाच वेळी अनेकांना निरोप धाडायची यादी एका वेळी २५६ नंबरांची होते, आणि मुख्य गोम अशी की ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये साठवला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून पहिलं काम म्हणजे काउंटरवर पाटी, 'आमचा नंबर सेव्ह करा, नवीन माल आधी कळेल.' न विचारता लोकांना ग्रुपमध्ये कोंबू नका, आपल्यालाही नाही आवडत ते. आठवड्याला एक निरोप पुष्कळ झाला.

पेपरात घालून येणारं हँडबिल जुनं झालं म्हणून हसू नका. गावात ते अजून वाचलं जातं, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांकडून, आणि मोठ्या खरेदीचा शब्द त्यांचाच असतो. त्यात वस्तू, भाव, मुदत आणि 'मारुतीच्या देवळासमोर' अशी खूण हवी. शुद्धलेखन तपासा. 'साडि' आणि 'डिस्काऊंन्ट' छापून आलेलं बघवत नाही! विजेच्या खांबांना फलक लटकवायचे असतील तर नगरपालिकेची परवानगी हवी, १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे. आणि नणंद, मावशी, शेजारीण यांच्याकडून खोट्या शिफारशी लिहून घ्यायच्या नाहीत. गुगल त्या काढून टाकतं, आणि गावात तर कुठली शिफारस कुणाच्या नणंदेची हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं.

आता पैशांचं. निम्मे आधी, निम्मे महिना संपताच. काम, रक्कम आणि तारीख साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात करायची झाली, तर ते पैसे दुकानदाराच्याच खात्यातून गेले पाहिजेत. "तुम्ही भरा वहिनी, मग देतो" म्हटलं की समजा, आपली वाणसामानाची रक्कम अडकली. मिळकतीसाठी स्वतःच्या नावाचं वेगळं बँक खातं ठेवा. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेपर्यंत अशा सेवेला जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही, पण पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून असू द्या.

आणि हातात किती उरतं? समजा, चार दुकानं, म्हणजे १०,००० रुपये. रिक्षा, रिचार्ज, नमुन्याच्या छपाया यांचे हजारभर गेले, उरले ९,०००. एका दुकानाला आठवड्याचे चार तास धरले तर महिन्याचे जवळजवळ सत्तर तास होतात. तासाला सव्वाशेच्या आसपास पडले. पन्नास हजार नव्हेत! पण हे पैसे हक्काचे आहेत, आणि काम हाताला बसलं की वेळ कमी लागतो. घर सांभाळून चार-पाच दुकानांपुढे जाऊ नये. एकाच रस्त्यावरची दोन साडीची दुकानं तर घेऊच नयेत. एकाची दिवाळीची योजना दुसऱ्याला कळली नाही, यावर कोण विश्वास ठेवील? कुणाचा खप बसलाय, कुणाची थकबाकी वाढलीय, हे सगळं या कामात तुमच्या डोळ्यांखालून जातं. हळदीकुंकवाला त्यातलं अवाक्षरही निघता कामा नये.

दिवाळी झाली की बरेच दुकानदार "आता थांबू या" म्हणतात. थांबा. फोटो, गिऱ्हाइकांची यादी, वहीतल्या रेघांची बेरीज, सगळं एका पाकिटात घालून देऊन या आणि लग्नसराईच्या तोंडावर एक फोन करा.