सुरतेत धुराला भाव

साडीचा पोत आणि छपाई पारखून माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला ती ज्या वाफेवर रंगली त्या वाफेचा हिशेब सहसा ठाऊक नसतो. सुरतेच्या रंगाई-छपाई गिरण्यांत ही वाफ मुख्यतः कोळसा व लिग्नाइट जाळून मिळते, आणि धुराड्यातून सूक्ष्म धूलिकण शहरावर पसरतात.

पूर्वी प्रत्येक धुराड्याला मर्यादा ठरवून दिलेली होती. तपासनीस क्वचित येई, नमुना घेई व निघून जाई. धूळ रोखणारी यंत्रे पुष्कळ ठिकाणी बसविलेली होती. पण ती नित्य चालविण्यास वीज व देखभाल लागते. जो खर्च कोणी मोजत नाही, तो टाळण्याकडेच माणसाचा कल असतो.

2019 साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने येथे धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू केला. धूलिकणांसाठी असा बाजार जगात पहिलाच. धुराड्यांत अखंड मोजणी करणारी उपकरणे बसली. सर्व कारखान्यांनी मिळून किती धूळ सोडावी हे ठरले आणि तेवढेच परवाने निघाले : 80 टक्के बॉयलरच्या क्षमतेनुसार विनामूल्य, उरलेले लिलावाने. ज्याची धूळ कमी, त्याने शिल्लक परवाने विकावेत. ज्याची अधिक, त्याने ते घ्यावेत. किलोचा भाव किमान 5 व कमाल 100 रुपये. मुदतीअखेर परवाने कमी पडले, तर अनामत रकमेतून कमाल भावाच्या दुप्पट वसुली.

अर्थतज्ज्ञांनी 317 कारखाने अभ्यासले. सोडतीने सुमारे निम्मे बाजारात आले, बाकीचे जुन्याच नियमाखाली राहिले. मोजणीची उपकरणे मात्र दोहोंकडे होती, आणि अभ्यासाचे खरे मर्म येथेच आहे. बाजारातील कारखान्यांची धूळ इतरांहून 20 ते 30 टक्क्यांनी घटली. यंत्राने धूळ दाखविली. ती कमी केली भावाने. जुन्या नियमाखालील निदान एकतृतीयांश कारखाने मर्यादा मोडीत असता, बाजारात 99 टक्के धुळीमागे परवाना होता. शिवाय तेवढीच धूळ आवरण्याचा खर्चही 11 टक्क्यांनी उतरला, कारण ज्याला हे काम स्वस्तात जमते त्याने ते अधिक केले. पेढीवर बसणाऱ्याला यात नवल वाटू नये.

तथापि मर्यादा सर्वांच्या बेरजेवर आहे. परवाने विकत घेऊन धूर सोडणाऱ्या गिरणीच्या भिंतीलगत राहणाऱ्या कुटुंबाला शहराची सरासरी घटल्याचा लाभ कितपत पोहोचतो, हा प्रश्न उरतोच. आणि कोळशातून निघणारा कर्बवायू तर या खात्यावर अद्याप चढलेलाच नाही.