गरोदरपणातील कावीळ : कारण वेळीच ओळखा

घरातील गर्भवती लेकीसुनेचे डोळे पिवळे दिसू लागले की अनेक कुटुंबांत आजही प्रथम कावीळ उतरविणाऱ्याकडे धाव घेतली जाते. त्यात मोलाचा वेळ वाया जातो. म्हणून ही माहिती आम्ही भाविकांसमोर ठेवीत आहोत.

कावीळ हा स्वतंत्र रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्यामागील कारण शोधताना कितवा महिना चालू आहे, हे डॉक्टर प्रथम विचारतात. पहिल्या तिमाहीत अतिवांत्यांमुळे यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. अखेरच्या तिमाहीत अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री कंड सुटत असेल, तर यकृतात पित्त साचण्याचा विकार संभवतो. रक्तातील पित्ताम्ले तपासून तो ओळखतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढणे, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि प्लेटलेट घटणे ही 'हेल्प' विकाराची चिन्हे होत. सतत वांत्या, ग्लानी, रक्तातील साखर उतरणे व रक्त न गोठणे ही यकृतात तीव्र मेद साचल्याची चिन्हे असू शकतात. या शेवटच्या दोन विकारांत त्वरित प्रसूती करविणे हाच मुख्य उपचार ठरतो.

दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई इतरांस बहुधा आपोआप बरा होतो. मात्र अखेरच्या तिमाहीत तो झाल्यास शंभरांतील २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी मिसळलेल्या पाण्यामुळे पसरलेली काविळीची मोठी साथ याच प्रकारची होती, असे पुढे दिसून आले. हिपॅटायटिस बी मातेकडून बाळास होऊ शकतो. म्हणून नावनोंदणीच्या वेळीच रक्त तपासावे व बाळास जन्मानंतर २४ तासांच्या आत लस द्यावी.

अहवाल वाचतानाही सावधगिरी हवी. गरोदरपणात अल्कलाइन फॉस्फटेज वारेमुळे वाढते आणि अल्ब्युमिन घटते, हे स्वाभाविक आहे. परंतु बिलिरुबिन, एसजीपीटी वा एसजीओटी वाढल्यास 'गरोदरपणात असे व्हायचेच' म्हणून दुर्लक्ष करू नये. पित्ताशयातील खडे सोनोग्राफीने दिसतात व ती तपासणी गर्भास सुरक्षित आहे. घेतलेली प्रत्येक गोळी, काढा वा चूर्ण डॉक्टरांस न लपविता सांगावे, कारण औषधानेही यकृत बिघडते.

गर्भवतीस पाणी उकळून द्यावे. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, कंड, ग्लानी वा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे, ही सर्व भाविकांस आमची कळकळीची विनंती.