चुकणे, हुकणे, मुकणे आणि ‘मिस’

मध्य रेल्वेवर वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये शेलू लागते. मुंबईहून सुटणाऱ्या अनेक लोकल कल्याण, अंबरनाथ किंवा बदलापूरलाच संपतात; शेलूला उतरायचे तर कर्जत किंवा खोपोली गाडीच हवी. त्यामुळे गाडी न मिळणे हा इथल्या बोलण्यातला रोजचा विषय. ‘गाडी चुकली’ हा त्यासाठीचा जुना प्रयोग; आता त्याच्या जोडीला ‘गाडी मिस झाली’ हाही रुळला आहे. या ‘मिस’ने आपल्या कोणकोणत्या क्रियापदांच्या जागेवर हात ठेवला, हे पाहण्यासारखे आहे.

इंग्रजीत ‘मिस’चा संसार मोठा. गाडी न मिळणे, नेम न लागणे, तासाला न बसणे, मुद्दा ध्यानात न येणे, आणि दूरच्या माणसाच्या आठवणीने व्याकूळ होणे, या सगळ्याला एकच शब्द. (शाळेतल्या ‘मिस’ वेगळ्या, त्या ‘मिस्ट्रेस’च्या घराण्यातल्या.) मराठीने हाच संसार वाटून घेतला आहे. वाट, वेळ, गाडी चुकते. नेम, संधी, फलंदाजाचे शतक हुकते; हुकण्यात हाताशी येऊन निसटल्याची चुटपुट असते. जे आपले होते किंवा हक्काने मिळायचे होते, त्याला माणूस मुकतो: दृष्टीला, वारशाला, प्राणाला. चुकलेल्या गाडीमागून दुसरी येते; मुकलेले सहसा परत येत नाही.

व्याकरणही बोलके आहे. इंग्रजीत गाडी ‘मिस’ करणारा प्रवासी हा कर्ता. मराठीत ‘माझी गाडी चुकली’ म्हणताना कर्तेपण गाडीकडे जाते. ‘मी चुकलो’ म्हटले की मात्र ती कबुली होते. मराठीने शब्द उसना घेतला तरी ही सोय सोडली नाही. ‘गाडी मिस झाली’ यात दोष कुणाचाच नाही. ‘मी गाडी मिस केली’ यात तो थोडा स्वतःकडे येतो. ‘होणे’ आणि ‘करणे’ या आपल्या दोन क्रियापदांनी पाहुण्याला घरच्या शिस्तीत बसवले.

दोन माणसे एकमेकांना शोधत राहिली आणि भेटलीच नाहीत, तर मराठी म्हणते ‘चुकामूक झाली’. इंग्रजीत यासाठी जे वाक्य वापरतात, त्याचा अर्थ ‘आम्हाला एकमेकांची आठवण येत होती’ असाही होऊ शकतो. आपल्याकडे हा गोंधळ होत नाही.

उलट, ‘मिस कॉल’ला मराठी पर्याय रुजला नाही. इंग्रजीत तो राहून गेलेला फोन. आपल्याकडे तो ठरवून ‘देतात’. गाडीत बसल्याची खूण म्हणून दिलेला मिस कॉल समोरच्याने न उचलण्यातच त्याचे यश.

‘मिस करणे’ने मराठीला काही दिले, हेही मान्य करायला हवे. ‘तुझी आठवण येते’ हे वाक्य अनेक घरांत मोठ्याने उच्चारणे अवघड होते. ‘मिस करतोय’ हलके आहे. ते चारचौघांतही म्हणता येते, संदेशात लिहिता येते.

अडचण येते ती ‘मुकणे’पाशी. शेलू-नेरळ पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गृहसंकुले उभी राहत आहेत. विकलेल्या शेताबद्दल ‘तो शेत मिस करतो’ म्हटले, तर त्याला शेताची आठवण येते एवढेच कळते. ‘तो शेताला मुकला’ म्हटले, तर शेत त्याचे होते, ते गेले आणि त्याचे काही हिरावले गेले, हे तिन्ही कळते. पहिले वाक्य त्याच्या मनाबद्दल बोलते, दुसरे त्याच्यावर आलेल्या वेळेबद्दल. ‘मुकणे’ बोलण्यातून मागे पडून बातम्यांच्या भाषेपुरते उरले, तर हे दुसरे वाक्य बोलायला ‘मिस’ उपयोगी पडणार नाही.