बांबूच्या मांडवातले लग्न आणि सरकारी कागद

मांडव सजला, विधी झाले, पंगती उठल्या आणि नवरी सासरी गेली. चार गावच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले हे लग्न, पण सरकारच्या दप्तरी मात्र ते झालेच नाही! त्रिनिदाद बेटावरील भारतीय वंशाच्या हजारो कुटुंबांनी ही विचित्र स्थिती जवळजवळ शंभर वर्षे भोगली.

त्रिनिदाद म्हटले की आपल्याला वेस्ट इंडिजचे क्रिकेट आठवते. पण तेथे आपली माणसे गेली ती उसाच्या मळ्यांवर राबायला. गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन तेथे पोचले आणि १९१७ सालापर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे या बेटावर उतरली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधली, काही मद्रासकडची. पाच वर्षांचा करार, ज्याला ही मंडळी गिरमिट म्हणत.

या लोकांनी आपल्या चालीरीती बरोबर नेल्या. लग्न बांबूच्या मांडवात होई, म्हणून तेथे त्याला 'बांबू वेडिंग' असेच नाव पडले. शुक्रवारी रात्री बायका जमून जमिनीची पूजा करतात, माती आणतात, ताशाच्या तालावर नाचतात, थट्टेची गाणी म्हणतात. तो 'मटिकोर'. शनिवारची रात्र स्वयंपाकाची आणि रविवारी लग्न.

परंतु पुरोहिताने लावलेले लग्न तेवढ्याने कायदेशीर होत नसे. स्थलांतरित मजुरांना विवाहनोंद करण्याची तरतूद १८८१ साली झाली होती. पण नोंद करणारे थोडेच निघाले. समाजासमोर लग्न लागल्यावर साहेबाच्या कचेरीत पुन्हा कशाला जायचे, असा साधा हिशेब. तो महाग पडला. आई कायद्याने पत्नी नाही, म्हणून मुले अनौरस. बाप मृत्युपत्र न करता वारला की त्याने घाम गाळून घेतलेल्या जमिनीवर त्याच्याच मुलांचा हक्क अडचणीत येई. वर्षानुवर्षे संसार केलेल्या बाईला नवरा गेल्यावर 'तू कोण?' असे विचारले जावे, यापेक्षा मोठा अपमान कोणता? एका दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या बहिणींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

याविरुद्ध तेथील भारतीयांनी अर्ज केले, सभा घेतल्या, कायदेमंडळात प्रश्न लावून धरला. मुस्लिम विवाहांच्या नोंदीचा कायदा १९३६ मध्ये अमलात आला. हिंदू विवाहाला मान्यता देणारा कायदा यायला १९४६ साल उजाडले. पहिले जहाज येऊन तेव्हा १०१ वर्षे झाली होती! या कायद्यांनुसार सरकारकडून परवाना घेतलेला धर्मगुरू विवाह अधिकारी म्हणून काम पाहतो व लग्नाची नोंद करतो. पुढे १९८१ च्या कायद्याने औरस-अनौरस हा भेदच काढून टाकला. आफ्रिकी वंशाच्या ओरिशा पंथीयांना तर स्वतःच्या विवाह कायद्यासाठी १९९९ पर्यंत थांबावे लागले.

असे चार कायदे शेजारी शेजारी नांदू लागले, पण त्यांत एक मोठी खोट होती. मुलीचे किमान वय हिंदू कायद्यात १४, मुस्लिम कायद्यात १२ आणि ओरिशा कायद्यात १६. सर्वसाधारण विवाह कायद्यातही आईवडिलांच्या संमतीने अल्पवयीन मुलीचे लग्न लावता येत असे. ओळख मिळवण्यासाठी झगडून आणलेल्या कायद्याच्या आडोशाने मुलींचे शिक्षण तुटत होते, हे कटू असले तरी खरे आहे. १९९६ ते २०१६ या काळात सुमारे साडेतीन हजार अल्पवयीनांचे विवाह नोंदले गेल्याची आकडेवारी सरकारने दिली, आणि त्यांत जवळजवळ सगळ्या मुलीच! काही धार्मिक संघटनांनी बदलाला विरोध केला, तर हिंदू स्त्रियांच्याच संघटनेने वय वाढवा म्हणून आवाज उठवला. अखेर जून २०१७ मध्ये संसदेने सर्व धर्मांसाठी १८ वर्षे हेच किमान वय ठरवले. आता आईवडिलांची संमती असली तरी त्याखाली लग्न नाही.

लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांचाही विचार तेथे झाला आहे. १९९८ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षे एकत्र राहिलेल्या किंवा मूल झालेल्या जोडीदाराला पोटगी व मालमत्तेसाठी न्यायालयात दाद मागता येते.

हल्ली मात्र कॅरिबियन बेटांवर लग्न म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरची हौस असे जाहिरातींतून दिसते. हौसेलाही कायदा सुटत नाही. परदेशी जोडप्याला त्रिनिदादमध्ये लग्नापूर्वी काही दिवस मुक्काम करावा लागतो, जमैकात २४ तास पुरतात, तर मार्टिनिक व ग्वादलूप येथे फ्रान्सचा कायदा असल्याने बाहेरच्यांचे काम बरेच अवघड. पासपोर्ट आणि दोन साक्षीदार लागतातच. पहिला विवाह झालेला असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला मूळ प्रतीत बरोबर न्यावा. तेथे गेल्यावर तो मागवत बसण्यात सुट्टी संपून जाते.