पिल्लाला उलट्या-जुलाब? ‘उद्या बघू’ म्हणू नका!

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लेखी रूपात.

‘ताई, काल रात्रीपर्यंत घरभर उड्या मारत होतं. सकाळी उलटी झाली, आता पाण्यासारखे जुलाब. दहीभात देऊन बघू का?’ असे मेसेज मला सारखे येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि उलट्या-जुलाब दोन्ही सुरू असतील, तर प्रयोग नकोत. आजच डॉक्टर गाठा. आता का, ते सांगते.

पार्वो म्हणजे नेमकं काय?

जंत, अचानक बदललेलं खाणं, गिळलेला मोज्याचा तुकडा, उंदराचं औषध, अशा कशानेही पिल्लाचं पोट बिघडू शकतं. पण सगळ्यात आधी पार्वो नाही ना, हे बघावं लागतं. कुत्र्यांमधला हा विषाणू १९७८ मध्ये जगाच्या लक्षात आला आणि दोनेक वर्षांत तो खंडोखंडी पोहोचला.

याला भराभर वाढणाऱ्या पेशी लागतात. पिल्लाच्या शरीरात अशा पेशी कुठे असतात? आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. आतड्याचं अस्तर गळायला लागलं की पाणी आत थांबत नाही, उलट्या होतात, जुलाबातून रक्त पडतं. मगजावर घाव बसला की पांढऱ्या पेशी घटतात. मग आतड्यातले जंतू रक्तात शिरतात आणि त्यांना अडवायला कोणी नसतं. म्हणजे शत्रू आला तेव्हाच पहारेकरी गायब!

दोन-तीन किलोच्या जिवात पाणी असतं किती? ते काही तासांत संपायला लागतं, साखरही उतरते. म्हणून ‘उद्या बघू’ परवडत नाही.

घरी काय बघाल?

ओठ वर करून हिरड्या बघा. निरोगी हिरड्या सहसा गुलाबी आणि ओलसर असतात. पांढुरक्या, कोरड्या, चिकट लागल्या तर धोका आहे. पिल्लू हाक मारूनही मान उचलत नाही, प्यायलेलं पाणीही उलटून पडतंय, शौचात रक्त आहे किंवा सडका वास येतोय? रात्र असली तरी निघा.

दूध देऊ नका. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आपली जुलाब थांबवायची गोळी तर अजिबात नको. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन पिल्लाला विषारी ठरू शकतात.

जाताना लसीचं कार्ड घ्या, शौचाचा फोटो काढा. निघण्याआधी फोन करून ‘पार्वोची शंका आहे’ असं सांगा. दवाखान्यात पिल्लाला खाली सोडू नका, तिथे दुसरी पिल्लंही असतात.

उपचार काय?

शौचाच्या नमुन्यावरची किट-टेस्ट काही मिनिटांत होते. खरा उपचार म्हणजे सलाईन, उलटी थांबवायचं औषध, जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक आणि उलटी थांबली की थोडं थोडं खाणं. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. शरीर स्वतः लढेपर्यंत त्याला तगवून धरायचं, हाच सगळा खेळ. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक पिल्लं वाचतात. नाही मिळाले तर बहुतेक जातात.

पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दवाखान्यात ठेवणं शक्य नसेल तर रोज नेऊन सलाईन लावता येईल का, विचारा. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. मुंबईत परळला प्राण्यांचं बाई साकरबाई रुग्णालय आहे.

‘पण एक इंजेक्शन झालंय की!’

इथेच बरेच जण फसतात. आईच्या चिकातून पिल्लाला अँटीबॉडी मिळतात. त्या असेपर्यंत लसीला काम करू देत नाहीत आणि त्या नेमक्या कधी संपतील, हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर २ ते ४ आठवड्यांनी, पिल्लू निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. पुढचा बूस्टर डॉक्टर सांगतील तेव्हा. आणि हो, रेबीजची लस वेगळी, तिने पार्वो अडत नाही.

डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या बागेत, रस्त्यावर जमिनीवर सोडू नका. कडेवर घेऊन जग दाखवा. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, चपलेला चिकटून घरातही येतो. साध्या फिनाईलवर, सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका. आधी घाण काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशीवर दहा मिनिटं राहू द्या, नंतर धुवून टाका. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळायचा नाही, विषारी वायू होतो.

कुत्र्यांचा पार्वो माणसांना होत नाही. त्यामुळे आजारी पिल्लाला जवळ घ्यायला घाबरू नका. फक्त नंतर हात साबणाने धुवा, कपडे बदला आणि मगच दुसऱ्या पिल्लाकडे जा.

आजचं काम सांगते: लसीचं कार्ड काढा, पुढची तारीख बघा आणि रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा. गल्लीतल्या पिल्लांना खाऊ घालणारा कोणी मित्र असेल, तर त्यालाही हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!